तीन आठवडे घराला कुलूप : कुंड्यांच्या पाण्याचं काय?

पानोपानी
नमस्कार मंडळी.
पुढच्या महिन्यात तीन आठवडे घर बंद असणार आहे. गॅलरीत आणि घरात मिळून तीसेक कुंड्या आहेत. गॅलरी पश्चिमेला, दुपारनंतर ऊन अगदी अंगावर येतं. बाहेर जास्वंद, मोगरा, पुदिना, कढीपत्ता. आत नेचे (फर्न), मनीप्लांट, पीस लिली, झीझी, स्नेक प्लांट. शिवाय कोरफड आणि जेड, पण त्यांची फारशी काळजी नाही.
गॅलरीत नळ नाही. किल्ली द्यावी असं शेजारी एकच घर आहे आणि तिथले काका प्रेमळ आहेत. हाच प्रॉब्लेम आहे, सविस्तर नंतर सांगते.
उलटी बाटली, सुतळी, जेलचे मणी, ठिबकचा संच, सगळ्याचे व्हिडिओ बघून झाले. प्रत्येकात शेवटी झाड टवटवीत आणि बोलणारा खूश. तीन आठवड्यांनी काय झालं ते कोणी दाखवत नाही. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

अर्धा_तांब्या
उलट्या बाटल्या. झाकणाला भोक पाडायचं, बाटली मातीत खुपसायची, विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

खुरपं
@अर्धा_तांब्या, विषय संपत नाही, पाणी संपतं :)
बाटलीतून पाणी किती वेगाने उतरेल हे भोकावर कमी आणि मातीवर जास्त ठरतं. चिकणमाती ओली झाली की भोकाशी घट्ट बसते, हवा आत जात नाही, पाणी थांबतं. तिथे बाटली खरंच चार-पाच दिवस पुरते. पण हल्ली सगळे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे खडे) घालून भुसभुशीत मिश्रण करतात. त्यात हवेला वाटच वाट. सकाळी लावलेली बाटली दुपारच्या आत रिकामी आणि निम्मं पाणी कुंडीखालच्या ताटलीत.
आणि उन्हात ठेवली तर आणखी एक गंमत. बाटलीतली वरची हवा तापून फुगते आणि पाणी खाली ढकलते. संध्याकाळी हवा आक्रसते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे झाडाला हवं असो-नसो, ऊन पडलं की पाणी पडणार.

अर्धा_तांब्या
आमची माती काळी आहे. त्यामुळे असेल. पण चालतं म्हणजे चालतं.

कुंडलीवाला
पत्रिका बघून सांगतो : नेच्याला साडेसाती, कोरफडीला राजयोग.

रिकामी_झारी
मला हे सगळे प्रयोग बघून हसू येतं. माणूस ठेवा हो. कोणालाही आठवड्यातून दोनदा यायला सांगा. माणसाला डोळे असतात, बाटलीला नसतात. एखादी कुंडी वाऱ्याने पडली, पाईप निसटला, कीड लागली तर ते बघणार कोण?

पानोपानी
@रिकामी_झारी, आता काकांचं सांगतेच. मागे आम्ही थोडे दिवस बाहेर होतो तेव्हा त्यांनी रोज, न चुकता, सगळ्यांना सारखं पाणी घातलं. सारखं म्हणजे पुदिन्याला जेवढं तेवढंच अडेनियमला, जे जाड खोडात पाणी साठवतं आणि ज्याला पाणी कमीच लागतं. येऊन बघते तर अडेनियमचं खोड बोटाने दाबलं की आत जात होतं. काका म्हणाले, "फारच सुकल्यासारखं दिसत होतं म्हणून त्याला थोडं जास्तच घालत होतो."
काय बोलणार? इतक्या आपुलकीने केलं होतं.

निवडुंग
कुजलेल्या झाडाचीही पानं मलूल पडतात. बघणाऱ्याला वाटतं तहान लागलीय. मग आणखी पाणी. दुष्टचक्र.

रिकामी_झारी
त्याला उपाय आहे. सूचना लिहून ठेवायच्याच नाहीत, कोणी वाचत नाही. ज्यांना पाणी नकोय त्या कुंड्या चक्क दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार ओढून घ्या. ज्यांना हवंय त्या एकत्र, हाताशी. आणि मापाचं भांडं त्यांच्या शेजारीच ठेवायचं, "या भांड्याने एकेक" एवढंच सांगायचं. "अर्धा मग" वगैरे सांगितलं की प्रत्येकाच्या घरचा मग वेगळा. एकदा समोर उभं राहून त्यांच्या हातून घालून घ्यायचं. प्रेमळ माणसाला काम कमी दिलं की तो आपणहून वाढवतो, म्हणून काम नेमकं द्यायचं.

गच्चीवरची
दार ओढून घ्या हे आवडलं. पण त्यांच्याकडे तीस कुंड्या आहेत आणि ऊन आहे, आठवड्यातून दोनदा पुरणार नाही. ठिबकच करा. टायमर, पंप, बारीक नळ्या. एकदा बसवलं की घरी असतानाही कामाला येतं.

मुळाक्षर
सगळे उपाय सांगतायत, पण झाडांना पाणी किती लागतं हे अजून कोणी विचारलंच नाही. त्यावरूनच उपाय ठरणार ना?
मोजणं सोपं आहे. एका कुंडीला संध्याकाळी भरपूर पाणी घाला, निथळू द्या, तासाभराने वजन करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन. जेवढे ग्रॅम कमी तेवढे मिलिलिटर पाणी गेलं, मातीतून आणि पानांतून मिळून. छोट्या कुंड्यांना स्वयंपाकघरातला काटा चालतो. मोठ्यांसाठी सामानाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा असतो तो घ्या, कुंडी दोरीच्या झोळीत घालून उचलायची. प्रवासाला निघालाच आहात, घरात असेलच.
आता हिशोब बघा. तीस कुंड्या, सरासरी दिवसाला पाव लिटर धरा, 21 दिवस. 157.5 लिटर झाले. मोठी बादली 20 लिटरची धरली तरी आठ बादल्या. लिटरच्या बाटलीने तीन आठवडे काढायचे म्हणजे दिवसाला 50 मिलिलिटरही येत नाही. तेवढ्यावर झीझी आरामात जगेल, जास्वंद नाही.
म्हणून आधी तहान मोजायची, मग ती कमी करायची, आणि जी उरेल तिची सोय लावायची. सगळे शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात.

खुरपं
+१०००. वाचनखूण साठवली.

कुंडलीवाला
झोळीत घालून वजन करायचं, वाढ बघायची, नोंदी ठेवायच्या... आता लस कधी टोचायची तेही सांगा.

पानोपानी
@मुळाक्षर, तहान कमी कशी करायची पण? झाडांना समजावून?

मुळाक्षर
पानांतून पाणी उडतं ते मुख्यतः ऊन, वारा आणि कोरडी हवा यामुळे. तिन्हींवर तुमचा ताबा आहे.
गॅलरीतलं जे उचलता येतं ते घराच्या आत, खिडकीपासून थोडं लांब, उजेडात पण थेट उन्हात नाही असं ठेवा. जे उचलता येत नाही ते भिंतीकडे सरकवा, वर हिरवी जाळी बांधा. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. पानांमध्ये हवा जरा दमट राहते आणि मधल्या कुंड्यांच्या भिंतींवर ऊन पडत नाही. मातीवर दोन बोटं सुका पाला किंवा नारळाचा काथ्या पसरा.
हे सगळं निघायच्या दिवशी करू नका. आठवडाभर आधी करा, म्हणजे नव्या जागेत कोणती कुंडी किती पिते ते पुन्हा मोजता येईल. कळ्या-फुलं खुडा, अवास्तव वाढलेल्या फांद्या छाटा, पानं कमी तर खर्च कमी. तीही छाटणी आठवडाभर आधीच. आणि खत अजिबात नको. खत दिलं की कोवळी पालवी येते आणि तीच सगळ्यात आधी माना टाकते. वर माती सुकायला लागली की त्या खतातले क्षार मुळांशी तीव्र होतात ते वेगळंच.

निवडुंग
कोरफड, जेड, स्नेक प्लांट, झीझी : पाणी घालून जा आणि विसरा. पहिली तिघं दिवसा पानांची रंध्रं मिटून बसतात, हवा रात्री घेतात, त्यामुळे पाणी फार उडत नाही. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारख्या गाठी असतात, त्यात साठा. तीन आठवडे त्यांना सुट्टीच वाटेल. तीसातल्या दहा तरी इथेच कटाप.

पानोपानी
अकरा! मोजल्या आत्ता. म्हणजे उरल्या एकोणीस.

ओलावा
घरातल्या नेच्यांना आणि पीस लिलीला वात लावा. म्हणजे एक टोक पाण्याच्या भांड्यात, दुसरं कुंडीच्या मातीत. माती जसजशी सुकते तसतशी पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणं मंदावतं. वीज नाही, टायमर नाही.
पण यात चार ठिकाणी लोकांचं बिनसतं.
वात आधी पूर्ण भिजवून घ्यायची. कोरडी वात लावून "आपोआप भिजेल" म्हणून गेलात की ती मध्येच कुठेतरी कोरडी राहते.
दुसरं टोक मातीवर नुसतं ठेवायचं नाही. पेन्सिलने भोक पाडून चांगलं वीतभर आत, मुळांपर्यंत घालायचं आणि माती दाबायची.
भांड्यातल्या पाण्याची पातळी कुंडीतल्या मातीपेक्षा खाली हवी. भांडं स्टुलावर उंच ठेवलं तर वातीचा सायफन होतो. मग झाडाला हवं की नको हा प्रश्नच उरत नाही, भांडं रिकामं होईपर्यंत पाणी उतरत राहतं. मात्र फार खालीही नको. वातीतून पाणी फार वर चढत नाही, वीतभर चढ पुरे झाला.
आणि दोर कोणता? सुती दोर पाणी छान ओढतो पण सतत ओल्या मातीत राहून कुजतो. तीन आठवडे काढेल, कायमसाठी नको. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा विणलेला दोर टिकतो, पण प्लॅस्टिकचे सगळे दोर पाणी चढवतातच असं नाही. रंगीत पाण्यात टोक बुडवून अर्ध्या तासाने बघा, रंग किती वर चढलाय ते.

अर्धा_तांब्या
बुटाची नाडी?

ओलावा
चालते, चपटी सुती असेल तर. टोकाचं प्लॅस्टिक कापून टाका. कुंडी मोठी असेल तर दोन-तीन नाड्या लावा. उघड्यावर राहणारा भाग स्ट्रॉमधून न्या, म्हणजे वाटेतच पाणी उडून जाणार नाही.

कुंडलीवाला
घरातून निघताना सगळ्यांच्या पायात चपला. कारण विचारू नका.

गच्चीवरची
वात घरातल्यांना ठीक. बाहेरच्या जास्वंदाला उन्हात वात पुरी पडत नाही, त्याचा पिण्याचा वेग जास्त आहे. तिथे पंपच.
नळ नाही म्हणता, म्हणजे पाण्याचा पिंप. पिंपात छोटा पाणबुडी पंप, त्याला टायमर, तिथून बारीक नळी आणि प्रत्येक कुंडीत ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड. ड्रिपरवर ताशी 2 लिटर लिहिलं असेल तर 15 मिनिटांत अर्धा लिटर. पहाटे एकदा चालवायचं. मुळाक्षर यांनी सांगितलेल्या वजनांवरून कोणाला एक ड्रिपर, कोणाला दोन ते ठरवा. तरी एक दिवस ड्रिपरखाली भांडं ठेवून मोजाच. छोट्या पंपाचा दाब कमी पडला तर लिहिलेलं आणि पडलेलं पाणी जुळत नाही.
पंपाशिवाय नुसता पिंप उंचावर ठेवून, उतारानेच पाणी सोडायचं असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. एक मीटर उंचीने जेमतेम 0.1 बार दाब मिळतो. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर एवढ्यावर उघडतच नाहीत, बहुतेकांना किमान अर्धा बार तरी लागतो. साधे ड्रिपर किंवा नुसती बारीक नळी घ्या. तसंच टायमरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप) असेल तर तोही बऱ्याचदा दाब मागतो. बॉल व्हॉल्व्ह (भोक असलेला गोळा फिरवून उघडणारी झडप) असलेला टायमर शून्य दाबावरही उघडतो. घेताना हेच विचारायचं, बाकी ॲप नि ब्लूटूथ राहू द्या.

शेवाळ
पंप आणि टायमर असूनही पहिल्याच रात्री पिंप रिकामा झालेला पाहिला आहे. माझ्या मेहुण्याकडे. टायमरने पंप वेळेवर बंद केला होता. पण पिंपातलं पाणी वरच्या पातळीला आणि ड्रिपर खालच्या कुंड्यांमध्ये. नळी आधीच भरलेली. पंप थांबला तरी सायफन चालूच. सकाळी खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले, पाऊस फक्त आमच्याच गॅलरीत कसा म्हणून.

गच्चीवरची
@शेवाळ, अगदी बरोबर, हे लिहायचं राहिलं. पंपातून वर आलेल्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या वर पण पिंपाच्या आतच, एक बारीक भोक पाडायचं. पंप चालू असताना तिथून थोडं पाणी परत पिंपातच पडतं, बिघडत नाही. पंप बंद झाला की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो.
आणखी एक. पिंप कोरडा पडून पंप चालत राहिला तर जळतो. हिशोबापेक्षा पाणी थोडं जास्तच ठेवा. मेन स्विच बंद करून जाणार असाल तर बॅटरीवर चालणारे संच मिळतात.

खुरपं
शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे लक्षात ठेवून पिंप जमिनीवर, भिंतीलगत ठेवा. लाकडी स्टुलावर नको. आणि झाकण लावा. उघडं पाणी म्हणजे डासांना निमंत्रण. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवसांत तयार होतो. तीन आठवड्यांत दोन पिढ्या. झाकणाला जिथून नळी जाते तिथेही कापड कोंबा. कुंड्यांखालच्या ताटल्या पाण्याने भरून जायचा सल्ला काही व्हिडिओंत देतात, तो सरळ सोडून द्या. डास होतात ते आहेच, शिवाय मुळं दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिली की कुजतात.

अर्धा_तांब्या
आणि जेलचे मणी? धागाकर्तीने विचारलंय, कोणी बोललंच नाही.

मुळाक्षर
मण्यांचं पाकीट म्हणतं की वजनाच्या शेकडो पट पाणी शोषतात. ते शुद्ध पाण्यात. नळाच्या जड पाण्यात क्षार असतात, मातीत खताचे असतात, त्यात ते फुगणं खूपच कमी होतं. शिवाय कोरडे मणी रोपाच्या मातीत जास्त मिसळले की फुगून माती वर ढकलतात, मग मुळं उघडी. दोन पाणी देण्यामधलं अंतर एखाद-दोन दिवसांनी वाढेल, तीन आठवड्यांचा भार त्यांच्यावर टाकू नका.

शेवाळ
नेच्यांसाठी मी वेगळंच सांगतो. पाणी घालून, निथळवून, कुंडीसकट पारदर्शक पिशवीत ठेवा. आत दोन-तीन काड्या खोचा म्हणजे पिशवी पानांना चिकटणार नाही, वरून बांधा. पानांतून उडालेलं पाणी पिशवीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमतं आणि परत मातीत उतरतं.
ही युक्ती जुनी आहे. लंडनमधले नॅथनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर. 1829 च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत, झाकण लावलेल्या बरणीत ठेवला होता. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीत एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. बाहेर बागेत धुरामुळे त्यांचे नेचे मरत होते, बरणीतला मात्र तरारला. मग त्यांनी काचेच्या बंद पेट्या करून घेतल्या आणि 1833 मध्ये तशा पेट्यांतून झाडं जहाजाच्या डेकवरून सिडनीला पाठवली. कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास, तरी जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची हजारो रोपं भारतात आणली ती याच पेट्यांतून.
तेव्हा तीन आठवडे म्हणजे काहीच नाही.

ओलावा
वा, हे माहीत नव्हतं. पण पिशवी उन्हात नको हे लिहा आधी! बंद पिशवीवर थेट ऊन आलं तर आत उकडून निघेल. आणि फक्त ज्यांना दमट हवा आवडते त्यांनाच. कोरफडीला पिशवीत घालू नका कोणी.

शेवाळ
हो, सावलीतच. पिवळी, कुजकी पानंही आधी काढून टाका, नाहीतर आत बुरशी.

रिकामी_झारी
पाहा म्हणजे. पिंप, पंप, भोक, पिशव्या, चपटी नाडी. एका काकांना नीट समजावणं याहून सोपं नव्हतं का?

निवडुंग
नव्हतं.

गच्चीवरची
रिकामी_झारींचा मुद्दा अगदीच उडवू नका. यंत्र लावा, पण कोणीतरी पहिल्या आठवड्यात एकदा डोकावायला हवं. पाणी घालायला नाही, फक्त बघायला. पाईप निसटलाय का, पिंप रिकामा तर नाही. काकांना नुसता फोटो काढून पाठवायला सांगा. झारी तेवढी कपाटात कुलूपबंद.

कुंडलीवाला
काका स्वतःच्या घरून झारी घेऊन येतील. लिहून ठेवा.

खुरपं
मातीच्या भांड्याचा उपाय राहिला कोणाकडून तरी. झिलई नसलेलं मातीचं छोटं मडकं किंवा सुरई कुंडीतल्या मातीत गळ्यापर्यंत पुरायची, पाणी भरायचं, वर झाकण. भोवतीची माती सुकली की भांड्याच्या अंगातून पाणी झिरपतं, माती ओली असली की झिरपणं थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी शेतात असं करत. फक्त त्यासाठी कुंडी मोठी हवी, नाहीतर मडक्याने मुळांचीच जागा खाल्ली. आणि भरलेल्या कुंडीत आता खणून मडकं पुराल तर मुळं तुटतील, जायच्या तोंडावर तो उद्योग नको. पुढच्या वेळी कुंडी बदलताना करा. रंगवलेलं भांडं घेऊ नका, रंगाने छिद्रं बुजतात.

पानोपानी
मंडळी, तुम्ही सांगितलं तसं वजनं केली. बॅगांचा काटा खरंच होता घरात!
जास्वंद गॅलरीत उन्हात : चोवीस तासांत 640 ग्रॅम कमी. तोच जास्वंद दिवाणखान्यात, खिडकीपासून हातभर आत : 210. मला वाटलं काटा बिघडला, म्हणून मोगराही मोजला. 380 वरून 150. नुसतं उचलून आत आणल्यावर एवढा फरक पडेल असं खरंच वाटलं नव्हतं. पीस लिली 90, मोठा नेचा 110. मनीप्लांटला 40 सुद्धा नाही.
आता ठरवलंय ते असं. कोरफड कंपनी आणि झीझी बेडरूममध्ये, दार बंद. नेचे पिशवीत, पीस लिली आणि मनीप्लांटला वात. गॅलरीतलं उचलता येईल ते सगळं आत, आणि उरलेल्या सात मोठ्या कुंड्यांना पिंप आणि पंप. जाळी बांधून झाली, त्यानंतर त्या सातांचं मिळून दिवसाला सव्वादोन लिटर जातंय. म्हणजे तीन आठवड्यांचे सव्वासत्तेचाळीस लिटर होतात. पिंप 70 लिटरचा मिळालाय.
काकांना फोटोचं काम दिलंय. त्यांनी विचारलं, "पाणी अजिबातच नको?"

मुळाक्षर
छान. आता निघायच्या आधी घरात असतानाच हे सगळं आठवडाभर चालवा आणि हाताने एक थेंबही घालू नका. वातीचं भांडं किती उतरलं, पिंप किती उतरला, कोणती माती चिखल झाली, ते दिसेल. फरक पडला तर दुरुस्त करायला तुम्ही तिथेच आहात.
आत आणलेल्या मोगऱ्याची काही पानं पिवळी पडून गळतील, उजेड कमी झाल्यामुळे. घाबरून पाणी वाढवू नका.

अर्धा_तांब्या
परत आल्यावर सुकलेली दिसली तर काय करायचं तेही सांगून ठेवा कोणीतरी. तेव्हा हा धागा शोधत बसायला नको.

खुरपं
आल्या आल्या पाणी ओतायचं नाही, आधी बोट मातीत घालायचं.
माती कोरडी ठणठणीत आणि पानं लोंबलेली असतील तर वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. सुकलेलं कोकोपीट कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी लगेच धरत नाही. कुंडी टबात, काठाच्या जरा खालपर्यंत पाण्यात बसवा. बुडबुडे येत राहतील, ते थांबले की काढा, निथळू द्या, सावलीत ठेवा. पीस लिली काही तासांत उभी राहते. नेच्याची सुकलेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती कापा, खालून नवी येतात.
माती ओली आणि तरी पानं लोंबलेली असतील तर मुळं गेली आहेत. पाणी बंद. कुंडीतून काढून काळी, बुळबुळीत मुळं कापा आणि कोरड्या मातीत लावा.
झुडुपांच्या फांद्या वाळलेल्या दिसल्या तरी फेकायची घाई नको. नखाने साल खरवडा, खाली हिरवं असेल तर जीव आहे. खत मात्र नवी पालवी दिसेपर्यंत नाही.

पानोपानी
पंप लावला आज. गच्चीवरची, ते सायफनचं भोक नक्की केवढं? मी पेनाच्या जाडीचं पाडलं तर पंपाचा सगळा जोर तिथूनच जातोय, ड्रिपरला काहीच नाही.

गच्चीवरची
फार मोठं झालं. तेवढा तुकडा कापून टाका आणि नव्या जागी बारीक खिळा तापवून टोचा, एक-दीड मिलिमीटर पुरे. भोकाचं तोंड खाली करा. आणि पिंप काठोकाठ भरलेला असतानाही ते पाण्याच्या वरच राहतंय ना ते बघा, बुडालं तर हवा आत जाणार नाही.